पित्तवाले सर

दौंडच्या एसटी स्टँडवर सरांची कॉलर धरली गेली, तेव्हा मी पलीकडच्या गाड्यावर उसाचा रस पीत होते. बाकावर एक बाई लहान बाळ मांडीवर घेऊन बसली होती. सर तिच्यासमोर जाऊन वाकले आणि म्हणाले, "बाळाची शी कोणत्या रंगाची होते?" आधी नमस्कार नाही, कुठल्या तुम्ही म्हणून विचारणं नाही. बाईनं पदर ओढून बाळ झाकलं. तिचा भाऊ पाण्याची बाटली भरून येत होता. त्यानं बाटली बाकावर नीट ठेवली, कॉलर धरली आणि मग विचारलं, "काय म्हणलास?"

त्याला ऐकू आलं नसेल असं समजून सरांनी प्रश्न परत विचारला.

मी ग्लास ठेवून धावले. "दादा, सोडा. डॉक्टर आहेत ते." हे खोटं नव्हतं. माणसं तपासणारे डॉक्टर नव्हते इतकंच, पण ते तिथं सांगून उपयोग नव्हता.

"डॉक्टर हायेत तर दवाखान्यात बसा म्हणावं. स्टँडवर काय काम हाय ह्यांचं?"

एवढं होईपर्यंत सरांनी मोकळ्या हातानं खिशातून रंगाच्या दुकानातलं शेड कार्ड काढलं होतं. घर रंगवताना दुकानदार देतो तेच. त्यातल्या पांढऱ्या, दुधी, फिकट राखी अशा काही चौकोनांवर त्यांनी पेनानं फुली मारलेली होती. ते कार्ड त्यांनी त्या भावाच्या नाकासमोर धरलं. "ह्यांपैकी असेल तर ताबडतोब पुण्याला न्या. बाकीचे रंग चालतील."

भावानं कार्डाकडे बघितलं, सरांकडे बघितलं, भर मे महिन्यात त्यांनी घातलेल्या स्वेटरकडे बघितलं आणि कॉलर सोडली. वेड्याला मारून काय मिळणार, असा त्याचा चेहरा होता. बाई मात्र हळूच म्हणाली, "पिवळी होती. मोहरीवानी."

"छान," सर म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

आमचं काम कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत होतं. एका औषध कंपनीनं स्टोअरच्या मागच्या दोन खोल्या संशोधनासाठी दिल्या होत्या. मी त्याआधी त्याच कंपनीत गोळ्यांच्या तपासणीवर होते. पाळ्यांचा कंटाळा आला होता, मुलांच्या शाळा दौंडात, नवरा रेल्वेत, त्याच्याही पाळ्या. ह्या दोन खोल्यांत फक्त दिवसपाळी आहे असं कळलं, म्हणून मी बदली मागून घेतली. लिव्हरबद्दल मला तेव्हा काही प्रेम नव्हतं. आताही फार आहे असं नाही.

सर तिथं पित्तनळ्या वाढवत. लिव्हरमध्ये पित्त तयार होतं, ते बारीक नळ्यांतून बाहेर पडतं, पित्ताच्या पिशवीत साठतं आणि पुढं आतड्यात जातं. ह्या नळ्या आईच्या पोटात बाळाचं लिव्हर घडत असताना तयार होतात. आधी पेशींचा नुसता एक थर असतो, त्यात मध्ये मध्ये पोकळी पडते आणि तिची नळी होते. कुठल्या पेशीनं नळी व्हायचं आणि कुठल्या पेशीनं लिव्हरच राहायचं, हे कसं ठरतं, हा सरांचा प्रश्न. तो सोडवायला पोटातल्या बाळात डोकावता येत नाही. म्हणून नळीच्या पेशी सुट्ट्या करायच्या, जेलीसारख्या थेंबात बसवायच्या, वरून त्यांचं खाणं असलेला द्रव घालायचा आणि उबेत ठेवून द्यायच्या. काही दिवसांनी त्या थेंबात आतून पोकळ असे गोळे दिसू लागतात. भिजवलेल्या साबुदाण्यासारखे, पण सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतात. गोळा आम्हाला सहज जमत होता. गोळ्याची नळी होत नव्हती.

"वाढतंय म्हणजे बरोबर वाढतंय असं नाही," हे सरांचं नेहमीचं वाक्य. मी आनंदानं सांगायला गेले की हेच ऐकायला मिळे. माझ्या मुलाला दहावीत चांगले मार्क पडले तेव्हाही त्यांनी हेच ऐकवलं. मी त्या दिवशी त्यांना पेढा दिला नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

पेशी शेळीच्या. दर रविवारी सकाळी सर थर्मास घेऊन दौंडातल्या मटणाच्या दुकानात उभे राहत. खाटीक आधी पित्ताची पिशवी लिव्हरच्या अगदी कडेला कापून टाकून देतो. सरांना पिशवी, नळी आणि लिव्हरचा तुकडा असं सगळं एकमेकांना चिकटलेलं पाहिजे असे. रविवारची गर्दी, मागं पिशव्या घेऊन गिऱ्हाईक उभं.

"सर, पित्त फुटलं तर अख्खी कलेजी कडू व्हती. हे लोक मला कापत्याल."

"फुटणार नाही. मी धरतो."

आणि ते खरंच काउंटरच्या आत जाऊन, स्वेटरच्या बाह्या वर करून नळी चिमटीत धरत. पहिले काही रविवार शिव्या खाल्ल्या. नंतर तो दुकानदारच सराईत झाला. सरांना बघून पोऱ्याला सांगे, "पित्तवाल्या सरांचं पहिलं काढ, म्हंजी जात्याल." तिथून ते नाव सगळीकडे झालं. सर स्वतः मटण खात नसत. मी एकदा विचारलं, "सर, धार्मिक कारण आहे का?"

त्यांनी काही उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीत शिरता शिरता म्हणाले, "नाही. दातात अडकतं."

ही त्यांची आणखी एक तऱ्हा. प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या दिवशी. तेही मागचं पुढचं काही न सांगता. "हो, पण उकळून." "डावीकडचं." "तुमच्या नणंदेचं बरोबर आहे." आपण काल काय विचारलं होतं, ते आपण आठवायचं. नवीन माणसं गोंधळून जात. मला सवय झाली. मी महत्त्वाचे प्रश्न एक दिवस आधीच विचारून ठेवू लागले. कामाच्या दृष्टीनं ते सोयीचंच होतं, कारण उत्तर कधी घाईत दिलेलं नसे.

ते एकटे राहत. मूलबाळ नव्हतं. कंपनीत अशी बोलवा होती की सरांचं एक बाळ काविळीनं गेलं, म्हणून ते लहान पोरांच्या मागं लागतात. गोष्ट ऐकायला चांगली होती, सगळ्यांना पटायची. मला मात्र असल्या गोष्टी डोक्यात घेऊन काम करता येत नाही, म्हणून मी सरळ विचारून टाकलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "नाही हो. लग्नच केलं नाही. नळी कशी होते ते कळत नाही, म्हणून."

खोलीबाहेर 'यकृत संशोधन कक्ष' अशी पाटी होती. तिचा भलताच परिणाम झाला. लोकांना वाटलं, इथं काविळीचं औषध मिळतं. पाटसहून, यवतहून, एकजण तर पार तळेगाव ढमढेऱ्याहून जीपा बदलत आला. गेटवरचा वॉचमन त्यांना आत सोडी, कारण त्यालाही तसंच वाटे. सर प्रत्येकाला सांगत, "इथं औषध नाही. सरकारी दवाखान्यात जा, रक्त तपासा." तरी आलेल्या माणसाला खिडकीजवळ नेऊन डोळ्यांची खालची पापणी ओढून बघत. माणसं समाधानानं जात. मी शेवटी पाटी काढून आत ठेवली.

आता शेवंताबाईंबद्दल सांगायला हवं. त्या आमच्याकडं काचसामान धुवायला होत्या. मूळ घर मेंढरांवालं, वडिलांच्या काळापासून कुरकुंभात जमीन करून राहिलेलं. हात अतिशय स्वच्छ, तोंड अतिशय मोकळं. सरांना त्या घाबरत नसत. सर दारातून गेले की मला म्हणत, "ताई, हा मानूस कुनाच्या तोंडाकडं बघत न्हाई, लंगोटाकडं बघतो. ह्याला पोरगी कुनी दिली असती?" सरांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. सर वळून म्हणत, "फ्लास्कच्या तळाला साबण राहिलाय." शेवंताबाई म्हणत, "न्हाई राहिला." तिथं संभाषण संपे. बहुतेक वेळा साबण राहिलेला नसे.

त्यांची मुलगी मनीषा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. नवरा सणसवाडीच्या कारखान्यात, घर तळेगावच्या बाजूला, ऊस आणि तरकारी. मुलगा झाला. शेवंताबाईंनी पेढे वाटले, ह्या वेळी मी सरांनाही द्यायला लावला. पेढा हातात धरून सरांनी विचारायचं तेच विचारलं.

"पिवळी हाय, पिवळी," शेवंताबाई म्हणाल्या. "ह्यांला दुसरं काय सुचतच न्हाई."

काही आठवडे गेले. एक दिवस फ्लास्क पालथे घालता घालता त्या सहज बोलून गेल्या, "पोरगं अजून पिवळंच हाय. पर गोरं हाय ना, त्यानं दिसतं तसं. उन्हात धरतोय सकाळचं."

सर सूक्ष्मदर्शकावरून उठले. "लंगोट आणा. शीचा. न धुतलेला."

"मी? हितं? कंपनीत?"

"मग मी घरी येतो."

"घरी कशाला? अजून सव्वा म्हैना झाला न्हाई. बाळंतिणीच्या खोलीत परका बाप्या न्हाई येत आमच्यात."

"म्हणून तर म्हणतो, तुम्ही आणा."

दोन दिवस त्या सरांशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या पिशवीला दोन गाठी मारून लंगोट आणला आणि माझ्या टेबलावर असा ठेवला, की माझ्याही बापाचा उद्धार झाला. सरांनी तो ट्यूबलाइटखाली उलगडला, शेड कार्ड शेजारी धरलं. पिवळी होती. फुल्या मारलेल्या चौकोनांच्या जवळपासही नव्हती. सरांनी लांब श्वास सोडला. मला वाटतं, त्यांना खरंच हायसं वाटलं होतं.

"ठीक आहे."

"झालं समाधान?" शेवंताबाई म्हणाल्या. "द्या हिकडं. तुमचा नाद म्हंजी..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. नोकरी होती.

त्यानंतर आठवडाभरात आम्ही गोळे रंगवायला घेतले. नळीच्या पेशी ओळखण्यासाठी एक रंग वापरतात, त्यात गोळे बुडवायचे, धुवायचे, बघायचे. ते सुंदर रंगले. मी खूश होते. सर मात्र एक गोळा घेऊन पातळ कापत बसले. कापला तर आत कोराच. रंग वरच्यावर चढला होता, आत पोचलाच नव्हता. असं होतं कधी कधी. मी म्हटलं, "सर, रंगात जास्त वेळ ठेवू या उद्या." ते कापलेला गोळाच बघत बसले.

दुसऱ्या दिवशी मी आले तर ते दारातच उभे. स्वेटर उलटा घातलेला.

"बाहेरून," ते म्हणाले. "बाहेरूनच रंगली होती."

"हो, तेच म्हणाले मी काल. जास्त वेळ ठेवू."

"गोळा नाही हो. शी."

मग त्यांनी सांगितलं. पित्त आतड्यात उतरत नसलं तर ते रक्तात साठतं आणि लघवीतून बाहेर पडतं. मग लघवी गर्द पिवळी होते. कापडी लंगोटात लघवी आणि शी एकत्र भिजतात, त्यामुळं पांढरी शीसुद्धा वरून पिवळी दिसते. ती फोडून आतून बघायची असते. हे त्यांना ठाऊक होतं. वाचलेलं होतं, एकदा मलाही सांगितलेलं होतं. आणि वेळ आली तेव्हा ते वरचा रंग कार्डाशी जुळवून मोकळे झाले होते.

"मी लंगोट बघितला," ते म्हणाले. "शी बघितलीच नाही."

मी त्यांना स्कूटरवर मागं बसवलं आणि कुरकुंभ गावात शेवंताबाईंच्या घरी गेले. त्यांची त्या दिवशी सुटी होती. जावईही आलेला होता, ओसरीवर चहा पीत बसला होता. आम्हाला बघून शेवंताबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"आता काय राहिलं?"

"माझं चुकलं," सर म्हणाले.

इतक्या वर्षांत मी हे शब्द त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. शेवंताबाईंनीही ऐकले नसणार, कारण त्या बाजूला झाल्या. सर मात्र आत गेले नाहीत. बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी थांबले आणि मला म्हणाले, "तुम्ही जा."

बाळ शांत झोपलं होतं. अंगाचा रंग आता पिवळाही नव्हता, त्यात एक हिरवट छटा आली होती. कपाळावर काविळीची माळ ठेवलेली होती. ती वाढत वाढत खाली उतरली की कावीळ उतरते म्हणतात. मनीषाला मी ताजा लंगोट मागितला. कोपऱ्यात होता. तो घेऊन मी ओसरीवर आले, काडेपेटीतल्या दोन काड्या घेतल्या आणि सगळ्यांच्या देखत फोडून दाखवलं. वरचं साल पिवळं. आत भिंतीला लावायच्या पुट्टीसारखं, पांढरं, कोरडं.

जावयानं कप खाली ठेवला.

शेवंताबाई म्हणाल्या, "सव्वा म्हैना सरायला थोडंच राहिलंय. तेवढं झालं की नेऊ की. ओल्या बाळंतिणीला यष्टीत घालायचं व्हय? आन् कावीळवाल्यानं सांगितलंय, माळ उतरंस्तवर घराबाहेर काढू नका."

मी बोलायला तोंड उघडलं, पण सरांनी हात वर केला. ते जावयाकडं वळले.

"तुमच्या उसाच्या रानात पाण्याचा निचरा बंद झाला तर?"

जावई जरा गोंधळला. "चोपण व्हतं रान."

"लगेच?"

"लगेच न्हाई. मीठ फुटतं हळूहळू. वरून कळत न्हाई पहिलं."

"मग निचऱ्याची चारी कधी काढता? चोपण झाल्यावर?"

"तवा काढून काय उपेग? एकदा रान चोपण झालं की..." तो थांबला. खोलीच्या दाराकडं बघायला लागला. "आमचं येक तुकडं तसंच गेलं," तो हळू म्हणाला.

"ह्याच्या लिव्हरमधून पित्ताला बाहेर जायला वाट नाही," सर म्हणाले. "डॉक्टर ऑपरेशन करून आतडं वर लिव्हरला जोडतात, नवी वाट करतात. पण बाळ दोन महिन्यांचं व्हायच्या आत. त्यानंतर लिव्हर कडक होत जातं. मी गेल्या आठवड्यात नीट बघितलं असतं, तर आज तुम्ही तिथं असता. ते दिवस मी घालवले. आता तुम्ही घालवू नका."

जावई उठला. "आत्या, मनीला उठवा."

"आरं पर सव्वा म्हैना..."

"आत्या."

शेवंताबाई उठल्या. पाच मिनिटांत त्यांनी पोरीच्या कानाला टापशी बांधली, बाळाला दुपट्यात गुंडाळलं आणि बाळाच्या कपाळावरची माळ काढून देवळीत ठेवली. मी कंपनीत फोन करून गाडी मागवली. वाटेत चौफुल्याला त्यांनी गाडी थांबवू दिली नाही, पाणीसुद्धा घेतलं नाही. सर पुढं ड्रायव्हरशेजारी बसले होते. अख्ख्या वाटेत एकदाच बोलले, ते ड्रायव्हरला. "ओव्हरटेक करा," म्हणाले.

तपासण्या झाल्या. सरांनी सांगितलं होतं तेच निघालं. ऑपरेशन झालं. पुढं काही दिवसांनी हिरवट रंगाची शी झाली आणि शेवंताबाईंनी ती मजल्यावरच्या प्रत्येक नर्सला दाखवली. ह्या ऑपरेशनचं नक्की काही सांगता येत नाही. काही पोरांना पुढं लिव्हर बदलावं लागतं. हा पोरगा आजघडीला तळेगावच्या अंगणवाडीत जातो, वर्षातून दोनदा तपासणीला पुण्याला येतो आणि भात नको म्हणून रडतो. माझ्या दृष्टीनं हे पुरेसं आहे.

आमच्या दोन खोल्या कंपनीनं नंतर बंद केल्या. मी परत औषधाच्या गोळ्यांच्या तपासणीवर गेले. सर दुसऱ्या राज्यातल्या एका संस्थेत गेले. जायच्या आधी शेळीच्या पेशींचे दोन गोळे एका थेंबात एकमेकांत शिरले होते आणि मधली भिंत विरून लांबट पोकळी झाली होती. मी म्हटलं, "सर, नळी." ते बराच वेळ बघत राहिले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "नळीसारखं." त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ होतं.

पण मला सरांबद्दल काही सांगायचं असेल तर ते ह्यातलं नाही. ते ऑपरेशनच्या दिवसाचं आहे आणि त्यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.

सरांना खरी हवी होती ती माणसाची नळी, आणि तीही बंद पडलेली. शेळीच्या निरोगी नळीवरून, बाळाची नळी का बुजते ते कळत नाही. अशा ऑपरेशनमध्ये बुजलेल्या नळीचा भाग कापून काढतात. तपासणीला लागतो तेवढा ठेवतात, बाकीचा जातो. पुण्याच्या त्या हॉस्पिटलशी आमचं बोलणं कधीच झालेलं होतं, समितीची परवानगीही होती. घरच्यांनी हो म्हणायचं, की तो तुकडा आम्हाला मिळणार. पण तोवर एकदाही जुळून आलं नव्हतं. कधी पोरं फार उशिरा येत, कधी आम्हाला कळायच्या आत सगळं उरकलेलं असे.

म्हणून त्या दिवशी सकाळी मी तयारीनं गेले. थर्मास स्वच्छ केलेला, आत तुकडा ठेवायला द्रव भरलेली छोटी बाटली, हॉस्पिटलसमोरच्या ज्यूसवाल्याकडून बर्फाचे ताजे खडे घेऊन भोवती गच्च भरलेले. काम म्हणजे काम. सर ऑपरेशनच्या मजल्यावर जिन्याच्या पायरीवर बसले होते. जावई आणि मनीषा आत कागदांवर सह्या करत होते. शेवंताबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या.

मी सरांच्या कानाशी लागले. "आत्ताच विचारायला हवं. नंतर उपयोग नाही."

"नको."

"नको म्हणजे? वर्षानुवर्षं ह्याचीच वाट बघतोय ना आपण?"

"म्हणूनच नको," ते म्हणाले. उत्तर त्याच वेळी आलं म्हणून मी बघतच राहिले. "मी स्टँडवर, बाजारात विचारत फिरायचो, ते कशासाठी? असलं एखादं बाळ मिळावं म्हणून. तुकड्यासाठी. शेवंताबाईंना पेढा घेताना विचारलं, तेही त्याचसाठी."

"बाळ तर वाचतंय ना त्यातून. मग झालं की."

"त्यांना वाटेल, त्यासाठीच आलो होतो."

"त्यासाठीच आला होतात."

"हो," सर म्हणाले. "त्यांच्या दारात जाईपर्यंत."

मला हे पटलं नाही. आजही पटत नाही. शेवंताबाई हो म्हणाल्या असत्या, नाही म्हणाल्या असत्या, पण विचारायला काय हरकत होती? त्या तुकड्यातून कुणा दुसऱ्या बाळाचं काही कळलं असतं. सर असल्या ठिकाणी मुलखाचे हट्टी. मी म्हटलं, "तुम्ही नाही तर मी विचारते," आणि थर्मास घेऊन उठले.

शेवंताबाईंपाशी गेले, तर त्यांनीच विचारलं. "ताई, थर्मासात काय हाय?"

मी सांगणार होते. वाक्य जुळवून ठेवलेलं होतं. पण त्या बाईचे ओठ कोरडे पडून फुटले होते, आणि त्या माझ्याकडं अशा बघत होत्या, की मी जे म्हणेन त्याला त्या हो म्हणतील हे मला स्पष्ट दिसलं. त्या वेळी त्या कशालाही हो म्हणाल्या असत्या. आतल्या डॉक्टरांना खूश ठेवायला त्यांनी हातही कापून दिला असता.

मागून सर म्हणाले, "बर्फ आहे. हवाय?"

ते आले आणि त्यांनी थर्मासचं झाकण काढलं. द्रवाची बाटली उचलून स्वेटरच्या खिशात टाकली आणि थर्मास शेवंताबाईंपुढं धरला. त्यांनी एक खडा घेतला, आधी डोळ्यांवर फिरवला, मग तोंडात टाकला. सकाळपासून पोटात काही नव्हतं. दुसरा घेतला. मग सरांनी घेतला. मग थर्मास माझ्याकडं आला.

मी चिडलेली होते. तरी एक खडा घेतला. आम्ही तिघं पायरीवर बसून बर्फ चोखत आतलं दार उघडायची वाट बघत राहिलो.